रेघेखालचे ठिपके

आमच्या घरात कुणावर एकदम विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. टँकर दारात आला की आई आधी तळहातावर थोडं पाणी घ्यायची, वास घ्यायची, जिभेला लावून बघायची आणि मगच टाकीत पाइप सोडू द्यायची. "कुठल्या विहिरीचं?" असं ती टँकरवाल्याला दर खेपेला विचारायची आणि तो सांगेल ते नाव खोटंच असणार असं धरून चालायची. मी तिला हसायचे, पण मीही तशीच आहे. कुणी फार गोड बोलायला लागलं की माझं लक्ष त्याच्या हातांकडे जातं.

आम्ही तेव्हा बायपासच्या पलीकडे नव्यानं झालेल्या कॉलनीत राहायचो. शहराचं नाव अजून औरंगाबादच होतं आणि ते चहूबाजूंनी पसरत होतं. आज जिथे ज्वारी दिसायची तिथे पुढच्या महिन्यात चुन्याच्या रेघा आणि प्लॉटिंगचा बोर्ड. आमच्या गल्लीत नळ बसवून गेले होते, पाणी मागाहून येणार होतं. एकामागून एक दुष्काळी सालं आली आणि ते मागाहून लांबतच गेलं. जुन्या शहरात राहणाऱ्या मावशीकडे निदान तिसऱ्या दिवशी तरी नळ यायचा. तिसऱ्या दिवशी म्हणजे परवा की तेरवा, यावरून मावशीचं आणि तिच्या शेजारणीचं भांडण व्हायचं, कारण एक जण आजचा दिवस धरून मोजायची आणि दुसरी सोडून. मला ते भांडण फार बाळबोध वाटायचं.

मी एम. एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टला विषय मिळाला होता तो असा : जी गोष्ट फिरून फिरून तशीच घडते तिचे आकडे घ्यायचे, संगणकावर त्यांचे ठिपके काढायचे आणि त्या ठिपक्यांमधून लाटेसारखी एक रेघ न्यायची. रेघ काढायचं काम सॉफ्टवेअर करतं. लाट किती उंच, मधली पातळी कुठे आणि ती कुठे झुकते, सुरुवात कुठून आणि एक लाट पुरी व्हायला किती दिवस, एवढ्या चार गोष्टी ते शोधून देतं. मला या सॉफ्टवेअरचा पहिल्या दिवसापासून संशय होता, कारण 'मला जमत नाही' असं ते कधीच म्हणायचं नाही. एकदा मी त्यात आमच्या घरातल्या सगळ्यांच्या चपलांचे नंबर टाकून बघितले. त्यातूनही त्यानं छान लाट काढून दिली.

वर्गातल्या बाकीच्यांनी इंटरनेटवरून तापमानाचे आकडे उतरवून घेतले. ते कुणी मोजले, कशानं मोजले, काही पत्ता नाही. मला असे आकडे हवे होते, ज्यांच्या मोजणाऱ्याचं तोंड मला माहीत आहे. म्हणून मी मामाकडे गेले.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. पाचोडच्या अलीकडे एका खेड्यात त्याची जमीन आहे. आमचे आजोबा मेंढरं घेऊन पाण्याकडे जायचे. मामानं विहीर पाडून पाणी घराकडे आणलं आणि त्यावर मोसंबी लावली. त्यामुळे विहिरीच्या बाबतीत त्याचा जीव कायम टांगणीला. पाचोडच्या बाजाराला निघण्याआधी तो दगड बांधलेली दोरी विहिरीत सोडायचा, वर ओढून ओला झालेला भाग हातानं मोजायचा आणि मोटारीच्या खोलीत आतल्या भिंतीवर गेरूनं लिहायचा. नऊ हात. सव्वाआठ हात. ना तारीख, ना वार, एकाखाली एक नुसते आकडे. एक भिंत भरल्यावर त्यानं दुसरी धरली होती.

"कधी कधी मोजतोस मामा?" मी विचारलं.

"दर आठ दिवसानं. एक खाडा नाय."

एका आकड्याशेजारी कोळशानं मोठी फुली मारलेली होती. ती कसली, हे विचारायची गरज पडली नाही. मामानं मला बाहेर नेलं आणि बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथे चुलत मामाचं बोअर होतं. चुलत मामा हा मामाच्या चुलत्याचा मुलगा, त्याच्याहून धाकटा. दोघांच्या शेतांत एवढा एक बांध. फुली मारली त्या दिवशी त्याच्या बोअरला पाणी लागलं होतं.

"तवापासून माझी विहीर खाली चालली," मामा म्हणाला. "त्यानं ओढलं पाणी. तुझं मशीन काय म्हणतं बघ."

गंमत अशी की मामाच्या घरात प्यायचं पाणी त्याच बोअरचं होतं. मामाच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गढूळ व्हायचं, म्हणून चुलत मामानं आपण होऊन एक काळा पाइप बांधावरून मामाच्या हौदापर्यंत टाकून दिला होता. त्याला ना तोटी ना कॉक. तिकडे बोअर चालू झालं की इकडे हौदात पाणी पडायचं. मामा ते पाणी प्यायचा आणि पिता पिता म्हणायचा, "माझंच पाणी मला पाजतो, आन् वर उपकार." मामी हंडे भरून घ्यायची.

मी भिंतींचे फोटो काढले आणि कॉलेजात सरांपुढे ठेवले. सर म्हणजे आमचे मार्गदर्शक, हुशार आणि घाईचे. "किती दिवसांनी मोजलंय?" त्यांनी विचारलं. "दर आठ दिवसांनी," मी वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. त्यांनी पहिल्या रकान्यात शून्य टाकलं, खाली आठ टाकले आणि माउस धरून रकाना तळापर्यंत ओढला. शून्य, आठ, सोळा, चोवीस, सगळं झरझर भरत गेलं. पाण्याचे आकडे मी टाकले.

"फुलीच्या आधीचे ठिपके घे," सर म्हणाले. "त्यांना रेघ बसव आणि तीच रेघ पुढे वाढव. बोअर नसतं तर काय झालं असतं ते कळेल." एक लाट किती दिवसांची, हे शोधायचं काम त्यांनी सॉफ्टवेअरकडे ठेवलंच नाही. विहीर पावसावर भरते, पाऊस वर्षाला येतो आणि वर्ष कधी बदलत नाही. त्यांनी तिथे तीनशे पासष्ट टाकून कुलूप लावलं.

चित्र असं आलं की कुणाही शेंबड्या पोराला कळावं. फुलीपर्यंत ठिपके रेघेच्या आसपास. फुलीनंतरच्या पावसाळ्यात रेघ वर चढते आहे आणि ठिपके मात्र खालीच लोळताहेत. विहिरीत जे पाणी यायला हवं होतं ते आलंच नव्हतं. सर खूश झाले. मी मामाला काय निघालं ते कळवायचा शब्द देऊन बसले होते, म्हणून पडद्याचा फोटो काढून त्याच संध्याकाळी त्याला पाठवला.

मामानं तो फोटो पाचोडला मोठा छापून घेतला. पुढच्या बाजाराच्या दिवशी भर हॉटेलात टेबलावर पसरला आणि जमलेल्या लोकांना रेघेखालचे ठिपके बोटानं दाखवले. चुलत मामा तिथेच चहा पीत बसला होता. मारामारी झाली नाही, पण त्याहून वाईट झालं. चुलत मामा अर्धा चहा टाकून उठला आणि निघून गेला. मामानं घरी येऊन हौदावरचा पाइप उपटला आणि वेटोळं करून मोटारीच्या खोलीमागं टाकला. चोराचं पाणी नको म्हणाला.

हे सगळं आम्हाला मामीच्या फोनवरून कळलं. ती आईशी बोलत होती आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलत होती. "वन्सं, तुमच्या लेकीला म्हणावं, तुझ्या रेघंपायी मी गावच्या टँकरच्या रांगंत हुभी ऱ्हाते. लई चांगली रेघ काढली म्हणावं."

आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे टँकरच्या पाण्याकडे बघावं तसं बघितलं. मला मामाचा भयंकर राग आला. पाठवलेला फोटो बाजारात मांडायला मी सांगितलं नव्हतं. पण त्याहून जास्त मला त्या चित्राचा संशय यायला लागला होता. ज्या चित्रात काहीच शंका घ्यायला जागा नसते, ते कुणाला तरी हवं तसं निघालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी ते पुन्हा उघडलं. खालचे ठिपके सगळ्यांनी पाहिले होते, म्हणून मी वरचे बघायला घेतले. आणि ते होते. त्याच वर्षी हिवाळ्यात रेघ उतरायला लागली होती, पण ठिपके अजून वरच होते. थोडेथोडके नाहीत, चांगली रांगच्या रांग. म्हणजे चुलत मामानं पावसाळ्यात पाणी चोरलं आणि हिवाळ्यात गुपचूप आणून विहिरीत ओतलं, असं तरी मानायला हवं होतं. आमच्या भावकीत नाना प्रकारचे लोक आहेत, पण घेतलेलं परत आणून ठेवणारा चोर माझ्या ऐकण्यात नव्हता.

सरांना दाखवलं. "तेवढं इकडंतिकडं होतंच," ते म्हणाले.

मला ते पटलं नाही. मी वर्षाचं कुलूप काढलं, फुलीच्या आधीचे-नंतरचे सगळे ठिपके एकत्र घेतले आणि सॉफ्टवेअरला सांगितलं की एक लाट किती दिवसांची, तेही तूच शोध. रेघ हलली आणि पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत सगळ्यांमधून अशी गेली की मी खुर्चीत मागे सरकले. फुलीपाशी तिला ठेचसुद्धा लागली नव्हती. बोअर आलं गेलं, विहिरीला पत्ता नाही. फक्त लाटेचे दिवस भलतेच आले होते. चारशेच्या वर. त्या हिशोबानं मामाच्या शेतात वर्ष साडेतेरा महिन्यांचं होत होतं.

सरांनी ते वाचलं आणि त्यांना हसू आलं. "दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथे तर साडेतेरा," ते म्हणाले. 

मग ते गंभीर झाले. "एवढी सुंदर रेघ खऱ्या विहिरीला बसत नाही," ते म्हणाले. "आणि वर्ष चुकीचं. हे आकडे बसल्या बैठकीला लिहिलेत. तुझ्या मामाला विचार."

हे मला लागलं. पण लागलं तरी मी घरी येऊन काय केलं, तर भिंतीचे फोटो मोठे करून गेरूचा रंग तपासत बसले. एकाच दिवशी लिहिलं असेल तर रंग एकसारखा दिसेल. कुठे गडद होता, कुठे फिका, पावसाळ्यात कुठे ओघळला होता. तरी माझं समाधान होईना. मामाला चुलत मामाला अडकवायचं होतं, हे तर खरं होतं. ज्याला कुणाला अडकवायचं आहे, तो आकडे बनवणार नाही कशावरून? ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी मोसंबी तोडली त्याच्याबद्दल मी हा विचार करत होते. वाईट वाटत होतं आणि विचार थांबत नव्हता. मामा खोटा असेल तर माझा प्रोजेक्ट गेला, हे एक. पण मग चुलत मामा गावभर चोर ठरला होता तो कशाच्या जोरावर, हे मला झोपू देईना.

तो आठवडा मी आईशीही धड बोलले नाही. शनिवारी टँकर आला. आईनं नेहमीसारखी चव घेतली, विहिरीचं नाव विचारलं, त्यावर विश्वास ठेवला नाही आणि टाकी भरून घेतली. मी पाइप धरून उभी होते. टँकरवाला शहरातलाच, तो पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "अब कब आऊं मावशी?"

"आठ दिवसांनी ये."

"मतलब शनिवारकोच ना?"

"मग काय इतवारी येतोस?" आई म्हणाली.

मी तिथेच उभी राहून बोटांवर मोजलं. रविवार, सोमवार करत शनिवारपर्यंत आले. सात. पुन्हा मोजलं. सातच. मग आईसारखं मोजलं, आजचा शनिवार धरून. आठ. आठवड्याला आठवडा म्हणतात आणि त्यात दिवस सात असतात, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. मामालाही माहीत होतं, सरांनाही. फक्त संगणकाला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी आणि तिची शेजारीण ज्याच्यावरून भांडायच्या तेच हे, आणि मी त्यांना हसत होते.

सोमवारी मी रकान्यातले आठ पुसून सात केले. रेघ तशीच सगळ्या ठिपक्यांमधून गेली, पण आता वर्ष वर्षाएवढं झालं, दोन-तीन दिवस इकडंतिकडं. पावसाळ्यातले खालचे ठिपके गेले, हिवाळ्यातले वरचेही गेले. मधली पातळी मात्र हळूहळू उतरत होती, अगदी पहिल्या आकड्यापासून, फुलीच्या कितीतरी आधीपासून. पाणी कमी झालं होतं ते वरूनच, पाऊसच कमी पडत होता. बांधापलीकडे कुणीही काही केलेलं नव्हतं आणि भिंतीवर मामानं एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. मला एवढं हलकं वाटलं की सरांना सांगताना माझा आवाज चढला. सरांनी प्रोजेक्टमध्ये 'दर सात दिवसांनी' असं लिहायला सांगितलं.

आई आणि मी एसटीनं मामाकडे गेलो. मामी टँकरच्या रांगेतून नुकतीच आली होती, पदर भिजलेला. मी ओसरीवर दोन्ही चित्रं पसरली आणि मामाला समजावून सांगितलं. तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होता.

"म्हंजे मी आठ म्हणलो ते खोटं?" तो म्हणाला.

"खोटं नाही. तू बरोबरच बोललास. टाकताना सात टाकायला हवे होते."

"आधी तुझ्या मशिनीनं ठिपकं खाली दावलं. आता रेघंवर दावतंय. मंग ते तवा खोटं बोललं का आता बोलतंय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून मी ते दिलं नाही. ज्या माणसाला संशय हवा असतो त्याच्यापुढे पुरावा ठेवला की तो पुराव्यावरच संशय घेतो. मला हे चांगलं माहीत आहे.

आई उठली, बांधापाशी गेली आणि चुलत मामाला हाक मारली. तो आला, पण बांधाच्या त्याच्या बाजूलाच उभा राहिला. आई म्हणाली, "पोरीनं पुन्हा करून बघितलं. तुझ्या बोअरचा काही संबंध नाही. इकडं ये, बघ."

तो आला नाही. तिथूनच त्यानं माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "म्हंजे मशिनीनं मला सोडलं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

"आन् धरलं असतं तर?"

 मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "जे दिसलं ते दावलं मी."

"बाजारात दावलं, दादा. मला इचारलं असतं, तर मी बोअर आठ दिवस बंद ठिवून दावलं असतं. तू तुझी दोरी सोडून बघितली असती." मग तो आईकडे वळला. "पाणी न्या, अक्का. पाण्याला मी कवाच नाय म्हणलं नव्हतं." आणि तो बोअरकडे निघून गेला.

आठ दिवस म्हणजे सात की आठ, हे त्या वेळी माझ्याही मनात आलं नाही. माझा प्रोजेक्ट पुढे पास झाला. तोंडी परीक्षेला आलेल्या बाईंनी वर्षाचे दिवस बघितले, मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. भिंत, फुली, पाइप यातलं काहीच त्यात नव्हतं.

दिवाळीला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा काळा पाइप बांधावरून परत हौदाला जोडलेला होता. मामीनं चुलत मामाच्या बायकोशी बोलून तो जोडून घेतला होता, पुरुषांना मध्ये न घेता. मला बरं वाटलं. मग मी जवळ गेले. पाइपला आता पितळेचा कॉक बसवलेला होता, आणि तो बांधाच्या पलीकडे होता, चुलत मामाच्या बाजूला. आधी बोअर चालू झालं की हौदात पाणी आपोआप पडायचं. आता मामी सकाळी बांधापाशी जाऊन उभी राहायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि हाक मारायची, "भावजी, पाणी सोडा." चुलत मामा लगेच सोडायचा, एकदाही त्यानं तिला थांबवलं नाही. मामा तेवढा वेळ मोटारीच्या खोलीत जाऊन बसायचा.